आधी माल बघा, मग नकाशा काढा

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले होते की ऑफिसच्या किंवा दुकानांच्या नव्या इमारतीत पाडलेल्या इमारतींतला माल वापरता येतो, फक्त तो वेळेवर मागावा लागतो. त्यावर आलेली पत्रं एवढी आहेत की हा भाग त्यांनाच दिला आहे. काही उत्साहाची, बरीचशी वैतागाची. वैतागलेल्यांनी मुद्देसूद लिहिलंय, त्यामुळे त्यांना जागा जास्त मिळाली. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे पडद्यांच्या रंगाबद्दल विचारू नका.

आमच्या कंपनीचं चार मजली कार्यालय बांधायचं ठरलंय. संचालक मंडळाने ठराव केला की ‘शक्य तिथे जुनं साहित्य वापरावं’. आर्किटेक्टचे नकाशे पूर्ण झाले, आणि आता ठेकेदार म्हणतो, असा माल मिळतच नाही. ताई, गाडी अडलीय कुठे?
— एक प्रशासन व्यवस्थापक

ठरावातच अडलीय. ‘शक्य तिथे’ ही जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नाही. निविदेत ज्या कामाला परिमाण नाही त्याला दर नाही, आणि ज्याला दर नाही ते काम कुठलाही ठेकेदार करणार नाही. करावं अशी अपेक्षाही ठेवू नये, त्याचंही घर चालायचं असतं.

दुसरी अडचण क्रमाची. नेहमीच्या कामात नकाशा आधी आणि माल नंतर, कारण नवा माल पाहिजे त्या मापात, पाहिजे त्या दिवशी येतो. तुमच्या आर्किटेक्टनी ३५० मिमी खोलीचा बीम दाखवलाय आणि पाडकामातून निघतोय ४००चा, तर ठेकेदार खोटं बोलत नाहीये. तुमच्या नकाशातला माल खरोखरच बाजारात नाही.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावात एका जुन्या औद्योगिक शेडवर तीन मजले चढवले आहेत. इमारतीचं नाव के.११८, २०२१ साली पूर्ण झाली, काम ‘बाउब्युरो इन सिटू’ या वास्तुकारांचं. तिथे त्यांनी आधी माल शोधणारी माणसं बाहेर सोडली. बाझलमधलं एक मालवितरण केंद्र पाडलं जात होतं, त्याचे पोलादी बीम आणले. झुरिकच्या एका ऑफिस इमारतीचा बाहेरचा लोखंडी जिना आणला. भिंतीवरचे लाल पत्रे गावातल्याच एका छापखान्याचे. मग मजल्यांची उंची ठरवली ती त्या जिन्यावरून! जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या आणि मजला तिथे ठेवायचा, हे आपल्याकडे शिकवल्याच्या अगदी उलट आहे. पण त्या कामात सगळं नवं साहित्य वापरलं असतं तर जेवढं कार्बन उत्सर्जन झालं असतं, त्याच्या सुमारे ६० टक्के वाचलं.

तुमचे नकाशे झालेत, म्हणजे सांगाडा हातचा गेला. त्यावर हळहळत बसू नका. ज्या वस्तूंच्या मापावर इमारत उभी राहत नाही अशा तीन-चार निवडा: ऑफिसच्या उंचावलेल्या (खालून वायरी नेण्यासाठी पायांवर उभ्या केलेल्या) फरशीचे तुकडे, आतले दरवाजे, केबल ट्रे, आवारातली दगडी फरसबंदी. प्रत्येकीपुढे निविदेत आकडा लिहा. ‘आतल्या दरवाज्यांपैकी किमान ४० नग वापरलेले, नमुना मालकाने मंजूर केलेला’ असं वाक्य पाहिजे. त्याच्याखाली तारीख टाका: अमुक दिवसापर्यंत माल हाती नसेल तर नवा घ्यावा. ही तारीख नसली की ठेकेदार संपूर्ण उशिराचं खापर त्या ४० दरवाज्यांवर फोडतो, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

आणि खरेदी तुम्ही स्वतः करा. मालकाने पुरवलेलं साहित्य म्हणून ठेकेदाराच्या हवाली करा, त्याला फक्त उतरवण्याचा आणि बसवण्याचा दर द्या. जुन्या मालाची खात्री द्यायला तो कचरतो, आणि द्यायची वेळ आलीच तर त्या भीतीची किंमत दरात धरतो. ती भीती तुम्ही अंगावर घेतलीत तर दर उतरतो. शोधायला एक माणूस नेमा, ज्याचं दुसरं काहीच काम नाही असा. साइट इंजिनिअरच्या यादीत बारावं काम म्हणून हे टाकलंत तर बाराव्या क्रमांकावरच राहील.

पाडकामातले आय-सेक्शन (आय आकाराचे पोलादी बीम) नव्या इमारतीत वापरायला माझी ना नाही. पण मिल सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याने दिलेला पोलादाच्या ताकदीचा दाखला, नसतं. ग्रेड (ताकदीचा दर्जा) कशी धरायची? शेवटी सही माझी असते.
— नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर

सहीची भीती रास्त आहे, ती घालवू नका. मात्र ही वाट कुणी मळलेलीच नाही असं नाही. ब्रिटनच्या स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटने २०१९ साली पी४२७ या क्रमांकाने कार्यपद्धती छापली. तिचा गाभा असा. एकाच इमारतीतले, एकाच मापाचे, एकाच प्रकारचं काम करणारे सदस्य एका गटात धरायचे. प्रत्येक तुकड्याची कडकपणा चाचणी करायची, ती तुकडा न कापता होते. मग गटातून नमुना कापून ताण-चाचणी आणि रासायनिक पृथक्करण. आकडे एकमेकांशी जुळले तर गट खरा, एखादा तुकडा फटकून वागला तर तो बाहेर. ही पद्धत १९७० नंतर उभारलेल्या पोलादासाठी आहे. त्याआधीचं सरसकट टाकाऊ असतं असं नव्हे, पण त्याला वेगळा अभ्यास लागतो आणि वेल्डिंगच्या बाबतीत फार जपावं लागतं.

काय घ्यायचंच नाही तेही त्यात आहे: आगीत सापडलेलं, आणि पुलांवर किंवा क्रेनच्या गर्डरांत सतत उलटसुलट भार सोसलेलं. गंजाचं म्हणाल तर वरवरच्या लाल रंगाला घाबरू नका. ब्रशने खरवडा, कॅलिपर लावा, फ्लँजची (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची) जाडी तीन ठिकाणी मोजा. जाडी शाबूत असेल तर लाल रंग ब्लास्टिंगमध्ये (बारीक कणांच्या जोरदार माऱ्यात) निघून जातो.

मी जागेवर जाते तेव्हा पहिल्यांदा जोड बघते. बोल्टने जोडलेली इमारत असेल तर बीम सरळ उतरतो. वेल्डिंग असेल तर गॅसकटरने दोन्ही टोकं कापावी लागतात, आणि लांबी घटते. तेव्हा सात मीटरचा बीम हवा असेल तर साडेसातचा शोधा. वर काँक्रीटचा स्लॅब असेल आणि बीमच्या डोक्यावर शिअर स्टड (स्लॅबला धरून ठेवणारे पोलादी खुंट) वेल्ड केलेले असतील, तर तो बीम सोडवणं जिकिरीचं. स्लॅब फोडायचा, मग प्रत्येक स्टड छाटायचा. असा माल मी सहसा भंगारवाल्याला जाऊ देते.

तुमच्यासारखे बरेच जण विचारतात, पोलाद भंगारात गेलं तरी वितळून पुन्हा पोलादच होतं, मग हा खटाटोप कशाला? वितळवण्यासाठी भट्टी सुमारे १,६०० अंश सेल्सियसपर्यंत न्यावी लागते, मग ओतायचं, लाटायचं, पुन्हा वाहून आणायचं. जगाची सरासरी घेतली तर एक टन पोलाद बनवताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून बनवलं तर तो आकडा बराच खाली येतो, पण शून्याजवळ येत नाही. उतरवलेल्या बीमला लागतं क्रेन, ट्रक, ब्लास्टिंग आणि रंग. त्यामुळे जुना बीम हिशेबापेक्षा थोडा जड पडला तरी नाक मुरडू नका. नव्या पोलादात एक किलोही जास्त धरला तर मला राग येतो. जुन्यात वीस-तीस टक्के जास्त वजन मी सहज चालवून घेते.

लंडनच्या दक्षिणेला बेडझेड नावाची वसाहत २००२ मध्ये पूर्ण झाली, घरं आणि कामाच्या जागा एकत्र. तिच्या सांगाड्यातलं ९८ टन पोलाद जुनं होतं, एकूण पोलादाच्या ९५ टक्के. त्यातलं बरंच ब्रायटन रेल्वे स्टेशनच्या नूतनीकरणातून निघालेलं. तेव्हा पी४२७ नव्हतं, तरीही इंजिनिअरांनी सह्या केल्याच.

आणि काँक्रीटचं काय? ते तर फोडून खडीच करावी लागते ना?
— एक वाचक

जागेवर ओतलेल्याचं बहुतेक तेच होतं. फॅक्टरीत ओतून आणून बसवलेल्याचं नाही. ओस्लोत क्रिस्टियान आउगुस्ट्स गाते १३ या ऑफिस इमारतीचं नूतनीकरण आणि विस्तार २०२१ मध्ये पूर्ण झाला. विस्तारात पोकळ प्रीकास्ट स्लॅब वापरले ते तिथल्या सरकारी कार्यालयांच्या एका इमारतीतून कापून काढलेले. पुढे नॉर्वेने २०२२ मध्ये अशा स्लॅबच्या पुनर्वापराचं मानकच काढलं, एनएस ३६८२. मला यातला क्रम आवडतो. आधी कुणीतरी एक इमारत करून दाखवली, मग नियम आला. मानक येऊ दे मग करू, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरूर बघावा.

तुम्ही लोक लिहिता की जुना माल स्वस्त पडतो. मी बांधकामात केस पांढरे केलेत. माणसं लावून उतरवा, साफ करा, साठवा, पुन्हा वाहून न्या: नव्यापेक्षा महाग पडतं. लिहिण्याआधी एकदा साइटवर या.
— एक ठेकेदार

साइटवरूनच लिहितेय, साहेब. आणि तुमचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे. पोलाद, दगडी फरशी, उंचावलेल्या फरशीचे तुकडे, चांगलं सागवान यांत पैसे वाचतात असा माझा अनुभव. विटा आणि जुन्या खिडक्यांत बहुतेक वेळा वाचत नाहीत. खिळे काढण्यात एका माणसाचा अख्खा दिवस जातो, तो दिवस कुणीतरी द्यायचाच असतो.

पण महाग का पडतं ते बघू या. पाडकामाच्या ठेक्यात साधारणपणे निघणारा माल ठेकेदाराच्या मालकीचा होतो, आणि जागा किती लवकर मोकळी होते यावर त्याचा नफा ठरतो. मशीनने दोन दिवसांत आडवं करणारा जिंकतो. सावकाश उतरवणारा त्या निविदेत हरणारच. म्हणजे महागाई मालात नाही, ती घाईत आहे. मालकाने तीनच गोष्टी बदलल्या तरी तुमचा हिशेब बदलेल: पाडकामाला मुदत वाढवून देणं, काय उतरवायचं याची यादी आणि प्रत्येक नगाचा उतरवण्याचा दर ठेक्यात स्वतंत्र लिहिणं, आणि त्या नगांची मालकी स्वतःकडे ठेवणं.

साठवणुकीचा खर्च मात्र तुम्ही म्हणता तसा जीवघेणा आहे. त्यावर मला एकच तोडगा माहीत आहे: माल उतरायच्या आधी तो कुठे जाणार हे ठरलेलं असणं. ज्याला गिऱ्हाईक नाही तो माल उतरवूच नका. गोदामात ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेल्या चौकटींना वाळवी लागलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

अजून एक. आगाऊ रक्कम. जुना माल दिसला त्या आठवड्यात पैसे टाकावे लागतात, आणि तुमचं बिल निघतं तो बसल्यावर. मधले सहा महिने तुमचा पैसा अडकतो. मालकाने माल खरेदी झाल्यावर, मोजून, शिक्के मारून, मालकी स्वतःच्या नावावर करून त्याचे पैसे तेव्हाच द्यावेत, असं कलम मागून घ्या. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने मागितलं तर मिळतं.

जुन्या विटा साफ करून दर्शनी भिंतीला वापरायच्या आहेत. कारागीर म्हणतो फुटतात. कसं करावं?
— एका रेस्टॉरंटच्या इमारतीचे मालक

चाकूचं टोक सांध्यात खुपसून बघा. भुगा पडला तर मसाला चुन्याचा, विटा सुटतील. चाकू घसरला तर सिमेंटचा, आणि तो विटेपेक्षा कडक असतो, मग ओढताना वीटच फुटते. कारागिराचा दोष नाही.

चुन्यातल्या विटांसाठी डेन्मार्कमध्ये गामले मुर्स्टेन नावाची कंपनी यंत्राने, थरथराटावर, मसाला झाडून काढते, पाणी न वापरता. हाताने करायचं तर बोथट छिन्नी आणि धीर. शंभर विटांतून काही काढून दाब-चाचणी आणि पाणी-शोषण चाचणी करून घ्या. भार घेणारी भिंत नसेल तर चिंता कमी. दर्शनी बाजूला जुन्या भिंतीतला दर्शनी भागच ठेवा: आतल्या विटा बऱ्याचदा कमी भाजलेल्या असतात, पाऊस लागला की सोलतात.

सिमेंटवाल्या भिंतींवर कोपनहेगनच्या रिसोर्स रोज या वसाहतीत, २०१९ मध्ये, लेंडगर या वास्तुकारांनी वेगळाच मार्ग काढला. वीट सोडवण्याचा नादच सोडला. जुन्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या वगैरे भिंतींचे साधारण एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन करवतीने कापले आणि तेच नव्या दर्शनी भिंतीत जोडले. भिंत गोधडीसारखी दिसते. मला ती सुंदर वाटते. तुमच्या गिऱ्हाइकांना वाटेल का हे तुम्हीच ठरवा.

ऑफिसांचं इंटीरिअर करते. क्लायंट दर सहा-सात वर्षांनी जागा बदलतात आणि सगळं फेकून देतात. मन कळवळतं. नेमकं काय वाचवण्यासारखं असतं?
— एक इंटीरिअर डिझायनर

माझ्या मते व्यापारी इमारतींत सर्वांत सोपी कमाई इथेच आहे, आणि सगळे लोक सांगाड्याकडे बघत बसतात. सांगाडा पन्नास-साठ वर्षं टिकतो. त्या काळात आतलं सामान आठ-नऊ वेळा बदललं गेलं तर त्यातलं एकूण उत्सर्जन सांगाड्याच्या तोडीचं होऊ शकतं.

उंचावलेल्या फरशीचे ६०० बाय ६०० मिमीचे तुकडे अव्वल नंबरचे. माप जवळपास सगळीकडे तेच, पाय फिरवून उंची जुळवता येते, आणि वर गालिचा येतो त्यामुळे ओरखडे दिसत नाहीत. ठोकून आवाज ऐका, कडा चेपलेल्या बघा, पुरे. गालिच्याच्या टाइल्स: सुट्या ठेवलेल्या किंवा चिकट ठिपक्यांवर असतील तर निघतात, पूर्ण गोंदावर असतील तर नाद सोडा. केबल ट्रे, लाकडी टेबलटॉप, साठवणीची लोखंडी कपाटं, विचार न करता घ्या.

काचेची पार्टिशनं मात्र मापून घ्या. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडा घासतानाही जपावं लागतं. एका कामावर शंभर मिलिमीटरने उंच आलेली पार्टिशनं बसवताना तिथल्या माणसाने ‘थोडंसं’ कापायला घेतली. पहिल्याच काचेचा चुरा खाली सांडला. उरलेल्या काचांसाठी आम्ही फॉल्स सीलिंगमध्ये खाच ठेवली आणि वरची पट्टी त्यात लपवली. काचेला हात लावायचा नाही, बाकीचं सगळं हलवायचं. लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काच टफन्डची नसेल तर कापता येते, पण आधी कोपऱ्यावरचा ठसा वाचून नक्की काय आहे ते कळू द्या. ठसाच नसेल तर टफन्ड समजा.

दुहेरी सीलबंद काचा वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या की आत धुकं धरू लागतात. बाहेरच्या भिंतीला नको. आतल्या केबिनला चालतील.

आगरोधक दरवाज्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. कडेवरचं लेबल, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, फुगणारी सीलपट्टी हे सगळं मिळून तो दाखला असतो. पान एकटं उचलून आणलंत तर तो साधा जाड दरवाजा झाला. मीटिंग रूमला लावा, जिन्याला नको.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कॅफेच्या आतल्या फरशीला छान दिसतील ना?
— एक तरुण उद्योजक

दिसतील, आणि लोक ते श्वासातून आत घेतील. ते क्रिओसोटमध्ये (लाकूड टिकवणाऱ्या डांबरी तेलात) भिजवलेले असतात, आणि क्रिओसोट कर्करोगाशी जोडलेला आहे. आत नको, मुलं बसतात त्या बागेतही नको. हिरवट झाक असलेल्या जुन्या बाहेरच्या लाकडाबद्दलही सावध राहा: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण पाजलेलं असू शकतं. ते रंधू नका, जाळूही नका. जुने रंग तपासल्याशिवाय घासू नका, त्यांत शिसं असू शकतं. ॲस्बेस्टॉसचा संशय आला तर हात मागे घ्या आणि तपासणी करणाऱ्याला बोलवा. या बाबतीत माझ्याकडे गंमत नाही.

स्थानिक संस्थेच्या बांधकाम परवानगी विभागात आहे. व्यापारी प्रकल्पांत जुना माल वापरला जावा म्हणून आम्ही काय करावं? सवलत द्यायची की सक्ती करायची?
— एक अधिकारी

सवलतीचा प्रयोग करून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्याला नाहीतरी करायचंच होतं त्याला सवलत मिळते, आणि न करणारा सवलतीशिवाय सुखी असतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने ३१ ऑक्टोबर २०१६पासून १९१६ किंवा त्याआधी बांधलेली घरं मशीनने पाडायला बंदी केली. ती सुटी करूनच उतरवावी लागतात. जानेवारी २०२०पासून ही मर्यादा १९४०पर्यंत आणली. पण ती घरांपुरती. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोने २०२०मध्ये व्यापारी इमारतींनाही असाच नियम लावला. २०२१च्या लंडन प्लॅनमध्ये, म्हणजे त्या शहराच्या विकास आराखड्यात, मोठ्या प्रकल्पांकडून चक्राकार अर्थव्यवस्थेचं (माल न फेकता पुन्हा वापरण्याचं) निवेदन मागितलं जातं. जागेवर आधीच इमारत असेल तर तिच्यातलं काय वाचेल याचा हिशेब त्यात द्यावा लागतो.

मला विचाराल तर कायद्याआधी तुम्ही दोन गोष्टी मागा. पहिली, पाडकामाच्या अर्जासोबत मालाची यादी: काय आहे, किती आहे, कसं जोडलंय, फोटोसह. दुसरी, परवानगी आणि पाडकाम यांच्यामध्ये सक्तीचं अंतर, समजा साठ दिवस, आणि त्या काळात ती यादी सगळ्यांना बघायला खुली. माल शोधणाऱ्या माणसाला पैशापेक्षा जास्त काही हवं असेल तर ते आगाऊ खबर. परवा पडणाऱ्या इमारतीची बातमी आज कळून काय उपयोग? तुमच्या टेबलावर ती बातमी महिनोन्महिने पडून असते. फाइल बंद असते एवढंच.

आणि तुमच्या संस्थेची स्वतःची बांधकामं? मंडई, कार्यालयं, पार्किंग? त्यांच्या निविदांत एखादा आकडा टाकून बघा. खाजगी मालक लगेच विचारतात, आधी कुणी केलंय? तेव्हा बोट दाखवायला एक इमारत असली की बरं.

मुख्य कार्यालय जुनाट दिसेल अशी आमच्या अध्यक्षांना भीती वाटते. काय सांगू?
— एक कंपनी सचिव

ब्रसेल्समधल्या युरोपा इमारतीचं चित्र दाखवा. युरोपियन कौन्सिलचं मुख्यालय आहे, देशांचे प्रमुख तिथे बसतात, २०१७पासून वापरात आहे. वास्तुकार फिलिप सामिन. तिचं दर्शनी अंग युरोपभरच्या पाडलेल्या आणि सुधारलेल्या इमारतींतून आणलेल्या ओकच्या लाकडी खिडक्यांचं आहे, आणि त्या हजारोंनी आहेत. चीनमधल्या निंगबोचं इतिहास संग्रहालयही दाखवा, वांग शू यांचं, २००८ सालचं: भिंतींत पाडलेल्या खेड्यांतल्या विटा आणि कौलं. पुढे २०१२मध्ये त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

ब्रसेल्समध्ये एक बारकावा आहे तो तुमच्या आर्किटेक्टना सांगा. जुन्या खिडक्या आजच्या उष्णतारोधाच्या कसोटीला एकट्या उतरणं अवघड असतं. म्हणून तिथे त्या बाहेरच्या पडद्यात बसवल्या आणि खरा बंदोबस्त आतल्या दुसऱ्या काचेवर सोपवला. जुन्या वस्तूला तिला झेपेल तेवढंच काम द्यायचं.

आमची नवी इमारत पुढच्या पिढीने पाडली तर तिच्यातला माल निघावा असं वाटतं. काय करावं?
— एका बँकेतील वाचक

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण आहे. नेदरलँड्समधल्या ट्रिओडोस बँकेचं कार्यालय, २०१९ सालचं, लाकडी, आराखडा आरएयू या वास्तुकारांचा. सगळं सुटं करता येईल असं जोडलंय, आणि त्यात १,६५,३१२ स्क्रू आहेत हे त्यांनी मोजून ठेवलंय. तेवढं मोजलं नाहीत तरी चालेल. गोंद आणि ओलं काम कमी ठेवा, बोल्ट दिसतील असे ठेवा, आणि प्रत्येक बीमचं मिल सर्टिफिकेट, माप आणि जागा लिहिलेली फाइल इमारतीसोबत विकली जाईल अशी व्यवस्था करा. आज आम्हाला ग्रेड ओळखायला चाचण्यांवर जो खर्च करावा लागतो, तो त्या एका फाइलने वाचेल. फाइल दोन ठिकाणी ठेवा. एका ठिकाणी ठेवलेली हरवते.

हॉटेल पाडतोय, शंभरेक कमोड निघतील. नव्या हॉटेलात लावू का?
— एक हॉटेल व्यावसायिक

किती पाणी ओततात ते बघा. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटरच्या वर घेतात, नव्या सहा किंवा त्याहून कमी. भांड्याचा आकारही त्या जास्त पाण्यासाठीच केलेला असतो, त्यामुळे नुसती टाकी बदलून भागेलच असं नाही. वॉशबेसिन मात्र ठेवा, त्यांना काही होत नाही. नळाचे आतले भाग बदलून घ्या आणि एकाच बनावटीचे एका मजल्यावर लावा, नाहीतर तुमचा प्लंबर मला पत्र लिहील.